पानथरी जागेवर बसवण्याची कुळकथा

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातला तेरावा अध्याय उदररोगांचा. डाव्या कुशीतली प्लीहा, म्हणजे आपली पानथरी, जागेवरून का सुटते याची कारणं तिथे दिली आहेत. जेवणानंतर बसणारे हिसके, गाडीचा प्रवास, अतिश्रम, ओझी, लांबची पायपीट, आजाराने आलेला अशक्तपणा. सुटलेली पानथरी वाढत जाते, आधी कठीण गाठीसारखी आणि मग कासवाच्या पाठीसारखी हाताला लागते, असं वर्णन आहे. चरकांचा रोख वाढलेल्या पानथरीवर आहे. तरीही दोन गोष्टी तिथे पक्क्या दिसतात. हा अवयव जागा सोडू शकतो, आणि तो बोटांनी चाचपून ओळखता येतो.

बोटांची ही रीत पुढे सरकारी मोजमाप झाली. १८४५ ते १८४७ या काळात पश्चिम यमुना कालव्याकाठच्या गावांत सर्जन डेम्प्स्टर यांनी लोकांची पोटं चाचपून कितीजणांची पानथरी वाढली आहे ते मोजलं. पाणी साचणाऱ्या गावांत हा आकडा चढा निघाला. डासांचा हात त्यात आहे हे कळायला अजून पन्नास वर्षं होती, पण हिवतापाचं मोजमाप सापडलं होतं. ‘स्प्लीन रेट’ या नावाने ते जगभर वापरात आलं.

आपल्याकडचा बारामती आणि इंदापूर हाही कालव्याचाच मुलूख. १८७६-७७च्या दुष्काळानंतर नीरा डावा कालवा आला, १८८५च्या सुमारास वाहू लागला आणि कोरडवाहू जमिनीत ऊस उभा राहिला. हिवतापाचा आणि फुगलेल्या पानथरीचा संबंध अशा मुलखात डॉक्टर कधी विसरत नाहीत. जड झालेली पानथरी स्वतःचे बंध ताणते, आणि ती सुटण्याचं ते एक कारण आहे.

निरोगी पानथरी जेमतेम दीडशे ग्रॅमची, डावीकडे नवव्या ते अकराव्या बरगडीआड दडलेली. जठराशी आणि डाव्या मूत्रपिंडाच्या बाजूशी जोडणारे पदर तिला धरून ठेवतात. काही मुलांत ते जन्मतःच अपुरे असतात, तर काही बायकांत बाळंतपणांनी सैल पडतात. मग पानथरी रक्तवाहिन्यांच्या लांबलेल्या देठावर लोंबते आणि कधी कधी ओटीपोटापर्यंत उतरते. देठाला पीळ बसला की रक्त अडतं आणि कळ उठते. पीळ आपोआप सुटला की कळही जाते. दुखणं येऊन-जाऊन राहतं, म्हणून अंगावर काढलं जातं.

युरोपात ही अवस्था पहिल्यांदा नोंदवली डच शरीरशास्त्रज्ञ फान होर्न यांनी, १६६७ साली, शवविच्छेदनात. उपचार यायला दोनशे वर्षं लागली. १८७७ साली बर्लिनचे मार्टिन यांनी अशी फिरती पानथरी काढून टाकली. १८९५ साली पोलिश सर्जन लुडविक रिडिगिअर यांनी वेगळी वाट धरली. पोटाच्या आतल्या अस्तरामागे कप्पा करून पानथरी त्यात बसवली. तरी पुढची कित्येक दशकं काढून टाकण्याचाच प्रघात राहिला, कारण पानथरीवाचून माणसाचं काही अडत नाही, अशी समजूत होती.

ती समजूत १९५२ साली मोडली. किंग आणि शूमॅकर या अमेरिकी सर्जननी पानथरी काढलेल्या पाच तान्ह्या बाळांना झालेल्या गंभीर जंतुसंसर्गाची हकिकत छापली. रक्तातले काही जीवाणू गाळून मारण्याचं काम पानथरी करते. ती गेली की साध्या तापाचा काही तासांत जीवघेणा आजार होऊ शकतो. तेव्हापासून रिडिगिअर यांच्या कप्प्याला मोल आलं.

आजची शस्त्रक्रिया बहुतेक दुर्बिणीतून होते. पीळ बसलेली पानथरी काळीनिळी दिसते. सर्जन देठाचा पीळ उलगडतात आणि थांबतात. थोड्या वेळात रंग परतला, तर ती जिवंत आहे. मग तिला डाव्या बरगड्यांखाली नेऊन अस्तरामागच्या कप्प्यात बसवतात, किंवा विरघळणाऱ्या जाळीच्या पिशवीत घालून टाक्यांनी बांधतात. रंग परतलाच नाही, तर काढण्यावाचून इलाज उरत नाही. म्हणून या दुखण्यात निदानाचा वेळ फार मोलाचा.

निदानात घोळ होतो तो ठरलेला. ओटीपोटात गाठ लागली की बाईच्या बाबतीत पहिला संशय अंडाशयावर जातो. पण गाठीच्या कडेला खाच लागत असेल आणि ती डाव्या बरगड्यांकडे न दुखता सरकत असेल, तर संशय पानथरीवर यायला हवा. सोनोग्राफीत डाव्या बरगड्यांखालची जागा रिकामी दिसते, डॉप्लरने रक्तप्रवाह कळतो आणि सीटी स्कॅनमध्ये पिळलेला देठ भोवऱ्यासारखा उमटतो. आता ही यंत्रं तालुक्याच्या गावीही आहेत, आणि बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. ऊसतोडीला आलेली बाई कोपीत कळ सोसत बसली असेल, तर तिला एकदा सोनोग्राफीपर्यंत आणणं हे मुकादमाचं, आशाताईचं आणि घरच्यांचं काम आहे. आणि तपासणाऱ्याने ओटीपोट पाहून न थांबता प्रोब डाव्या कुशीत फिरवावा, एवढं त्याचं काम आहे.

पानथरी काढावीच लागली, तर न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिमोफिलसच्या लसी घ्यायच्या. ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेच्या किमान दोन आठवडे आधी, तातडीची असेल तर दोन आठवड्यांनंतर. पुढे जन्मभर, ताप आला की त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा आणि ‘माझी पानथरी काढलेली आहे’ हे पहिल्याच वाक्यात सांगायचं.