कात टाकणाऱ्या सरडगुहिऱ्याला हात लावू नका!

गावाने कात टाकली, एखाद्या जुन्या संस्थेने कात टाकली, असे आपण कौतुकाने म्हणतो. प्रत्यक्ष कात टाकणाऱ्या प्राण्यासाठी मात्र तो काळ नाजूक असतो. लहान वयाच्या सरडगुहिऱ्याच्या, म्हणजेच शॅमेलिऑनच्या बाबतीत तर तो जिवावर बेतू शकतो. त्यास बहुतेक वेळा कारणीभूत ठरतो तो माणसाचा उतावळा हात.

बीड जिल्ह्यातील पाटोदा तालुका बालाघाटाच्या डोंगररांगांत वसला आहे. मांजरा नदीचा उगम याच तालुक्यातला आणि मोरांसाठी प्रसिद्ध असलेले नायगाव मयूर अभयारण्यही येथलेच. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील अशी कोरडी, बोरी-बाभळींची झुडपी राने सरडगुहिऱ्याला मानवतात. ‘कॅमेलिओ झेलॅनिकस’ हे त्याचे शास्त्रीय नाव असून भारतात आढळणारी शॅमेलिऑनची जात हीच. बांधावरच्या झुडपात एखादे पिल्लू दिसले, की मुले ते घरी आणतात. काही दिवसांनी त्याच्या अंगावर पांढुरके पापुद्रे दिसू लागतात. कोणी म्हणते, ‘रोग झाला’. कोणी म्हणते, ‘विष उतरतेय’. वास्तविक हा प्राणी विषारी नाही आणि हा रोगही नव्हे. ती असते त्याची कात.

कात का टाकली जाते?

सरपटणाऱ्या प्राण्यांच्या त्वचेचा सर्वांत बाहेरचा थर मृत व कठीण असतो. शरीराबरोबर तो वाढत नाही. म्हणून जुन्या थराखाली नवा थर तयार होतो, दोहोंच्या मध्ये द्रव झिरपतो आणि जुना थर सुटा होतो. सापाची कात बहुधा अखंड निघते. सरडगुहिऱ्याची मात्र तुकड्यातुकड्यांनी गळते. वाढीचा वेग जितका अधिक, तितकी कात वारंवार. त्यामुळे पिल्ले काही आठवड्यांच्या अंतराने कात टाकतात, तर पूर्ण वाढलेल्या प्राण्यात हे अंतर काही महिन्यांपर्यंत जाते. निरोगी पिल्लाची कात साधारण एखाद्या दिवसात उतरते. मोठ्या प्राण्याला अनेक दिवस लागू शकतात.

गळलेली कात पांढुरकी व अर्धपारदर्शक असते, कारण रंगाची यंत्रणा तिच्याखालच्या जिवंत पेशींत असते. जिनिव्हा विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी २०१५ साली मादागास्करच्या पँथर शॅमेलिऑनवर केलेल्या संशोधनात दाखवून दिले, की या पेशींतील सूक्ष्म स्फटिकांमधील अंतर बदलले, की परावर्तित होणारा रंगही बदलतो. कात सुटण्यापूर्वी प्राणी निस्तेज, राखाडी दिसतो तो या यंत्रणेवर मृत थराचा पडदा आल्यामुळे.

नेहमीचे काय, धोक्याचे काय?

कात टाकताना पिल्लू अस्वस्थ असते. फांदीवर अंग घासते, डोळ्यांचे गोल फुगवते, एखादा दिवस कमी खाते, हात जवळ नेल्यास चिडते. सुटलेला तुकडा कधी कधी ते खाऊनही टाकते. यांत घाबरण्यासारखे काही नाही.

काळजी करावी ती अडकलेल्या कातीची. सरडगुहिऱ्याची बोटे फांदी पकडण्यासाठी दोन गटांत जोडलेली असतात; पुढच्या पायात आत तीन व बाहेर दोन, मागच्या पायात याच्या उलट. या बेचक्यांत, शेपटीच्या टोकाला, डोळ्यांभोवती आणि डोक्यावरील तुऱ्याजवळ कात चिकटून राहते. वाळली, की ती आकसते आणि बोटाभोवती दोरा आवळावा तशी कडी तयार होते. रक्तपुरवठा थांबतो, बोट काळे पडते आणि अखेर गळून जाते. पिल्लाची बोटे काडीसारखी असल्याने हे लवकर घडते. बोट गेले, की पकड गेली. आणि झाडावरच जगणाऱ्या प्राण्याची पकड गेली, की त्याचे जगणेच अवघड होते.

कात अडकण्याचे प्रमुख कारण म्हणजे कोरडेपणा. शरीरात पाणी कमी असले, की दोन थरांतील द्रवही कमी पडतो. खोल गेलेले डोळे आणि विष्ठेतील पांढऱ्या भागाला आलेली पिवळी-नारिंगी छटा ही पाणी कमी पडल्याची चिन्हे. ‘अ’ जीवनसत्त्वाचा अभाव, त्वचेची जखम किंवा परोपजीवी हीदेखील कारणे असू शकतात. म्हणून कात वारंवार अडकत असेल, तर ते अन्य आजाराचे लक्षण समजावे.

मदत कशी करावी?

पुढील सूचना कायदेशीररीत्या परदेशी जातीचे शॅमेलिऑन पाळणाऱ्यांसाठी आहेत.

* पाणी वाटीत ठेवून भागत नाही. हा प्राणी पानांवरचे थेंब चाटतो. सकाळी व सायंकाळी पानांवर बारीक फवारा मारावा; कातीच्या दिवसांत दुपारी आणखी एकदा.
* फवाऱ्यानंतर पिंजरा सुकू द्यावा. सतत ओल व कोंडलेली हवा यांमुळे श्वसनाचे विकार होतात. बंद काचेच्या पेटीपेक्षा जाळीचा पिंजरा बरा.
* आर्द्रता जातीनुसार ठरवावी. येमेनमधील ‘व्हेल्ड’ जातीला दिवसा मध्यम, रात्री अधिक आर्द्रता लागते. पावसाळी अरण्यातील जातींना त्याहून जास्त.
* अंग घासण्यासाठी खरबरीत सालीच्या, वेगवेगळ्या जाडीच्या फांद्या द्याव्यात.
* मराठवाड्यात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. पंखा, कूलर वा वातानुकूलन यंत्राचा झोत पिंजऱ्यावर येऊ देऊ नये. उष्णतेचा दिवा प्राण्याच्या आवाक्याबाहेर असावा.
* अतिनील किरणांचा दिवा, कॅल्शियमची पूड लावलेले लहान किडे, पुरेसा अंधार व शांतता हा क्रम कातीच्या काळातही मोडू नये.

दोन-तीन दिवसांनंतरही बोटावर वा शेपटीवर कडी दिसली, तर पिल्लाला कुंडीतल्या झाडावर बसवून न्हाणीघरात कोमट पाण्याच्या तुषारात, नजरेखाली, अर्धा तास ठेवावे. पाण्याची धार थेट अंगावर सोडू नये. नंतर ओला कापसाचा बोळा हलकेच फिरवावा. कात आपोआप सुटली तर ठीक. अडली तर तेथेच थांबावे.

ओढणे, नखाने सोलणे, चिमटा लावणे, तेल चोळणे किंवा पाण्यात बुडवणे हे प्रकार कटाक्षाने टाळावेत. खालची त्वचा तयार नसताना कात ओढली, तर जखम होऊन संसर्ग होतो. डोळ्याजवळची कात घरी काढूच नये. डोळा मिटलेला राहिला, बोट सुजले वा काळे पडले, तर सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेला पशुवैद्यक गाठावा. असा तज्ज्ञ तालुक्याच्या गावी मिळेलच असे नाही. म्हणून त्याचा पत्ता प्राणी घरी आणण्यापूर्वीच शोधून ठेवावा.

रानातले पिल्लू घरात नको

देशी सरडगुहिऱ्याला वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अन्वये संरक्षण आहे. त्याला पकडणे, पाळणे वा विकणे गुन्हा ठरतो. ‘आम्ही नीट सांभाळतो’ ही सबब चालत नाही. परदेशी जातींनाही आता नियम आहेत. २०२२ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या प्रजातींची स्वतंत्र अनुसूची कायद्यात आली. फेब्रुवारी २०२४ मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांनुसार असे प्राणी बाळगणाऱ्याने ‘परिवेश’ संकेतस्थळावरून त्यांची नोंदणी करणे बंधनकारक आहे.

कायदा बाजूला ठेवला, तरी विचार करावा. बुटाच्या खोक्यात ना दव असते, ना हिरवे पान, ना साल. रानात पहाटेचे दव पिऊन आणि बाभळीवर अंग घासून जे पिल्लू कात सहज टाकते, त्याचीच कात खोक्यात वाळून बोटांना आवळते. म्हणून शेतात कात टाकणारे पिल्लू दिसले, तर लांबून पाहावे आणि मुलांना दाखवावे. ते रस्त्यात असेल तर काठीवर चढू द्यावे व जवळच्या झुडपावर सोडावे. जखमी असल्यास वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

सरड्याची धाव कुंपणापर्यंत, असे आपण हिणवून म्हणतो. या पिल्लाला मात्र तेवढे कुंपणच पुरेसे आहे. ते शाबूत राहिले आणि आपले हात आवरले, तर कात त्याची तो टाकतो.