ओमाकासे

ओमाकासे ही जपानी उपाहारगृहांतील एक भोजनपद्धती आहे. या पद्धतीत ग्राहक पदार्थांची निवड स्वतः न करता ती पूर्णपणे मुख्य आचाऱ्यावर सोपवतो. त्या दिवशी बाजारात मिळालेला माल, ऋतू आणि समोर बसलेल्या ग्राहकाचा कल पाहून आचारी पदार्थ व त्यांचा क्रम ठरवतो आणि ते एकामागून एक वाढतो. ही पद्धत प्रामुख्याने सुशीच्या उपाहारगृहांशी जोडली गेली असली, तरी तेम्पुरा आणि इतर जपानी पदार्थांच्या उपाहारगृहांतही ती आढळते. भारतात ती मुख्यतः मुंबईसारख्या महानगरांतील मोजक्या उपाहारगृहांत उपलब्ध आहे.

नाव आणि अर्थ

'मकासेरु' या जपानी क्रियापदाचा अर्थ 'सोपविणे' असा आहे. त्याच्या नामरूपाला 'ओ' हा आदरार्थी उपसर्ग लागून 'ओमाकासे' हा शब्द बनतो. 'ओमाकासे शिमासु' म्हणजे 'तुमच्यावर सोपवतो'. हा शब्द केवळ जेवणापुरता मर्यादित नाही; एखादे काम दुसऱ्याच्या निर्णयावर सोपवतानाही तो वापरला जातो.

सुशीच्या दुकानात मागणी नोंदविण्याच्या तीन पद्धती सांगितल्या जातात. 'ओकोनोमी' म्हणजे ग्राहकाने आपल्या आवडीचा एकेक घास मागणे, 'ओकिमारी' म्हणजे ठरावीक किमतीचा ठरावीक संच घेणे आणि 'ओमाकासे' म्हणजे सर्व काही आचाऱ्यावर सोडणे.

इतिहास

आंबवलेल्या भातात मासा टिकविण्याच्या जुन्या रीतीतून सुशीचा विकास झाला. हाताने वळलेल्या भाताच्या मुटक्यावर माशाचा काप ठेवण्याचा 'निगिरी' हा प्रकार एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एदो (आजचे तोक्यो) येथे रूढ झाला. त्याचे श्रेय सामान्यतः हानाया योहेई (१७९९–१८५८) यांना दिले जाते. त्या काळी निगिरी हे हातगाडीवर उभ्याने खाण्याचे झटपट व स्वस्त अन्न होते. शीतगृहे नसल्याने मासा मीठ वा शिरका लावून, सोया सॉसमध्ये मुरवून किंवा शिजवून ठेवला जाई. 'एदोमाए' शैलीतील आचारी ही तंत्रे आजही चवीसाठी वापरतात.

१९२३ च्या कांतो भूकंपानंतर तोक्योतील अनेक सुशी कारागीर आपापल्या गावी परतले आणि ही शैली जपानभर पसरली. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अन्नटंचाईत, १९४७ मध्ये, उपाहारगृहांवर निर्बंध आले. तेव्हा ग्राहकाने स्वतः आणलेल्या मापभर तांदळाच्या बदल्यात दहा निगिरी करून देण्याची सवलत तोक्योतील सुशी व्यावसायिकांनी मिळवली आणि व्यवसाय टिकवला. पुढे हातगाड्या मागे पडल्या आणि आचाऱ्यासमोरच्या लाकडी फळीवर बसून खाण्याची पद्धत दृढ झाली.

१९५८ मध्ये योशिआकी शिराइशी यांनी ओसाका परिसरात फिरत्या पट्ट्यावरील सुशीचे पहिले दुकान काढले. त्यामुळे सुशी स्वस्त झाली आणि निवड पूर्णपणे ग्राहकाच्या हाती आली. ओमाकासे हे याचे दुसरे टोक होय.

अमेरिकेत लॉस एंजेलिस येथील काझुनोरी नोझावा यांच्या 'सुशी नोझावा' (१९८७–२०१२) या दुकानात 'माझ्यावर विश्वास ठेवा' अशा अर्थाची इंग्रजी पाटी लावलेली असे. तोक्योच्या गिंझा भागातील जिरो ओनो (जन्म १९२५) यांच्या दहा आसनांच्या 'सुकियाबाशी जिरो' या दुकानावर २०११ मध्ये माहितीपट निघाला. एप्रिल २०१४ मध्ये जपानचे पंतप्रधान शिंझो आबे यांनी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांना तेथेच भोजनास नेले. या घटनांनी ओमाकासे हा शब्द जगभर पोहोचला. २०१३ मध्ये युनेस्कोने 'वाशोकू' या पारंपरिक जपानी आहारसंस्कृतीचा अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला.

भोजनाचे स्वरूप

ओमाकासेचा क्रम सर्वत्र एकच नसतो. सामान्यतः सौम्य चवीकडून तीव्र चवीकडे जाण्याचा प्रघात आहे. सुरुवातीला वाफवलेले वा कच्चे छोटे पदार्थ येतात. त्यानंतरच्या निगिरींत प्रथम पांढऱ्या मांसाचे मासे व माकूळ, मग कुपा (ट्यूना) आणि त्याच्या पोटाकडील चरबीयुक्त भाग, बांगड्याच्या कुळातील 'साबा', कोळंबी, समुद्री अर्चिन आणि शेवटाकडे गोडसर रस लावलेली समुद्री वाम असा क्रम पुष्कळदा आढळतो. अखेरीस अंड्याची गोडसर वडी आणि मिसो सूप दिले जाते.

निगिरीची चव माशाइतकीच भातावर अवलंबून असते. शिरका, मीठ आणि काही ठिकाणी साखर घालून सिद्ध केलेला हा भात साधारण अंगाच्या उष्णतेइतका कोमट ठेवतात. थंड मासा आणि कोमट भात यांचा मेळ काही क्षणच टिकत असल्याने घास समोर येताच खाणे अपेक्षित असते. सर्व पदार्थ एकाच वेळी न वाढण्यामागे हेच मुख्य कारण आहे.

शिष्टाचार

निगिरी हाताने किंवा काड्यांनी, शक्यतो एका घासात खातात. आचाऱ्याने वरून सॉसचा हात फिरवला असल्यास वेगळा सॉस लावत नाहीत. सॉस लावायचा असल्यास भात न बुडवता माशाची बाजू टेकवतात, कारण भात सॉस शोषून सुटतो. शिरक्यात मुरवलेले आले हे तोंडी लावणे नसून दोन घासांमध्ये जिभेवरची आधीची चव घालविण्यासाठी असते. माशाचा गंध मंद असल्याने उग्र अत्तर लावून येणे टाळावे, असा संकेत आहे. पोट भरल्यास तसे सांगणे किंवा भाताचे प्रमाण कमी करावयास सांगणे अशिष्ट मानले जात नाही.

किंमत आणि आरक्षण

जुन्या धाटणीच्या अनेक सुशी दुकानांत दरपत्रक नसे. बाजारभावानुसार आकारणी होई आणि बिल हाती येईपर्यंत ग्राहकाला रक्कम कळत नसे. आता बहुतेक ठिकाणी ओमाकासेची माणशी किंमत आधीच जाहीर केलेली असते. पेये व नंतर मागितलेले जादा घास यांचे पैसे वेगळे लागतात.

फळीभोवतीची आसने थोडी असतात आणि माल माणसे मोजून आणलेला असतो. म्हणून आरक्षण करून न येणाऱ्या ग्राहकामुळे होणारे नुकसान मोठे असते. अनेक उपाहारगृहे आगाऊ रक्कम घेतात किंवा ऐनवेळी आरक्षण रद्द केल्यास पूर्ण आकारणी करतात.

आहारविषयक बंधने

निवड आचाऱ्याची असली, तरी काय चालत नाही हे सांगण्याची जबाबदारी ग्राहकाची असते. ॲलर्जी, पथ्य व धार्मिक बंधने आरक्षणाच्या वेळीच सांगावी लागतात. ऐनवेळी सांगितल्यास पर्यायी माल उपलब्ध नसतो.

शाकाहारी व्यक्तींच्या दृष्टीने जपानी पाककृतींतील 'दाशी' महत्त्वाची ठरते. हे बहुतेक सूप व रस्स्यांचे मूळ पाणी असून ते सामान्यतः 'कोम्बू' हे समुद्रशेवाळ आणि धुरावलेल्या सुक्या माशाचा कीस यांपासून बनते. त्यामुळे केवळ भाज्या किंवा टोफू दिसणाऱ्या पदार्थातही माशाचा अर्क असू शकतो. 'मिरिन' या गोडसर द्रव्यात मद्यार्क असतो. जपानी बौद्ध मठांच्या 'शोजिन र्योरी' या परंपरेत मात्र कोम्बू व सुकी शिताके अळिंबी यांची निरामिष दाशी वापरतात आणि शाकाहारी ओमाकासेला तिचाच आधार घेतला जातो.

कच्चा मासा आणि सुरक्षितता

समुद्री माशांत 'ॲनिसाकिस' नावाच्या परजीवी कृमीच्या अळ्या असू शकतात. शिरका, मीठ किंवा वसाबी यांनी त्या खात्रीने मरत नाहीत. जपानमध्ये यासाठी मासा उणे २० अंश सेल्सिअस तापमानात किमान २४ तास गोठविण्याची, तर अमेरिकेत त्याच तापमानात ७ दिवस किंवा उणे ३५ अंशांत १५ तास ठेवण्याची शिफारस आहे. गोठविल्याने कृमी मरतात. सर्व जिवाणू मरत नाहीत. म्हणून मासा बोटीपासून फळीपर्यंत सतत थंड ठेवणे आवश्यक असते. गर्भवती स्त्रिया आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्या व्यक्तींना कच्चा मासा टाळण्याचा सल्ला दिला जातो.

महाराष्ट्रात

कोकण किनारपट्टीवर मत्स्याहाराची मोठी परंपरा असली, तरी मासा कच्चा खाण्याची रूढी नाही. मुंबईत २००४ मध्ये ताज महाल पॅलेस हॉटेलात 'वसाबी बाय मोरिमोतो' हे उपाहारगृह सुरू झाले. हिरोशिमा येथे जन्मलेले आचारी मासाहारू मोरिमोतो यांच्या नावाशी ते जोडलेले असून तेथे ओमाकासेचा पर्याय दिला जातो. २०१६ मध्ये महालक्ष्मी येथे सुरू झालेल्या 'मास्क' या उपाहारगृहाने भारतीय घटक वापरून आचाऱ्याने ठरविलेल्या क्रमाने जेवण देण्याची पद्धत स्वीकारली. ते जपानी उपाहारगृह नसले, तरी निवड आचाऱ्यावर सोपविण्याचे तत्त्व तेच आहे. पुणे परिसरात जपानी कंपन्या व जपानी भाषेचे शिक्षण यांमुळे जपानी खाद्यपदार्थांचा परिचय वाढला आहे.

स्वयंपाक करणाऱ्याने जेवण ठरविणे महाराष्ट्राला नवे नाही. सांगली, मिरज, कोल्हापूर या भागांतील घरगुती खाणावळींत त्या दिवशीची भाजी, आमटी किंवा रस्सा खाणावळ चालविणारी व्यक्तीच ठरवते. मासिक सभासदाने जेवायला यायचे नसल्यास आधी कळवून 'खाडा' धरण्याची रीतही आहे. कारण तेथेही स्वयंपाक माणसे मोजून केलेला असतो. मात्र खाणावळीत ताट एकदम वाढले जाते आणि भाव परवडणारा असतो, तर ओमाकासेत एकेक घास वेगळा तयार होतो आणि त्या कौशल्याची व दुर्मीळ मालाची किंमत मोजावी लागते.

टीका

ओमाकासेवर मुख्यतः तीन आक्षेप घेतले जातात. पहिला किमतीचा आहे: निवड हाती नसल्याने दिलेल्या पैशांचे मोल ग्राहकाला पडताळता येत नाही. दुसरा प्रवेशाचा आहे. 'सुकियाबाशी जिरो'ला मिळालेले मिशेलिन मार्गदर्शिकेतील तीन तारे गुणवत्ता घसरल्यामुळे गेले नाहीत; सर्वसामान्यांना तेथे आरक्षण मिळत नसल्याने २०१९ मध्ये ते दुकान मार्गदर्शिकेतून वगळण्यात आले. तिसरा आक्षेप पर्यावरणाचा आहे. निळ्या पराच्या कुप्याला असलेल्या मागणीमुळे त्याची अतिमासेमारी झाली. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने २०१४ मध्ये प्रशांत महासागरातील या जातीची नोंद 'असुरक्षित' गटात केली होती. मासेमारीवरील निर्बंधांनंतर २०२१ मध्ये ती 'संकटसमीप' गटात आणण्यात आली. ओमाकासेत कोणता मासा वाढायचा हे आचारीच ठरवत असल्याने संकटातील जाती टाळण्याची जबाबदारीही मोठ्या प्रमाणात त्याच्याकडेच येते.