पाली कोश आणि प्रताधिकार

दि. 7 नोव्हेंबर 1900 रोजी साताऱ्याच्या शासकीय शाळेत भिवा रामजी आंबेडकर या बालकाचे नाव दाखल झाले. त्याच बाबासाहेबांनी पुढे पालीचे व्याकरण व कोश सिद्ध केला. महाराष्ट्र शासनाने तो 1998 साली सोळाव्या खंडात प्रसिद्ध केला.

बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण 6 डिसेंबर 1956 रोजी झाले. 1957 च्या कायद्यातील लेखकाच्या मृत्यूनंतरची 50 वर्षांची मुदत 1992 च्या दुरुस्तीने 60 वर्षे झाली. म्हणून 1936 चा 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' 2017 पासून सर्वांचा झाला. परंतु मरणोत्तर प्रकाशित ग्रंथांची मुदत प्रथम प्रकाशनापासून मोजतात. 1957 चा 'द बुद्ध अँड हिज धम्म' 2018 पासून मुक्त झाला. पाली कोश मात्र 2058 अखेरपर्यंत संरक्षित राहील.

हे खंड संगणकावर विनामूल्य वाचता येतात. तथापि वाचणे निराळे, छापून वाटणे निराळे. सातारा-सांगलीच्या एखाद्या विहाराने पाली वर्गासाठी कोशाचे पुनर्मुद्रण करावयाचे ठरविले, तर परवानगी घ्यावी लागेल. तथागतांनी धम्मात आचार्यमुष्टी ठेवली नाही. हक्कधारकांनी व शासनाने अशा अध्ययनासाठी सर्वांना खुली परवानगी एकदाच जाहीर करावी, हेच या वारशाला साजेसे होय.