आणली एक, गेल्या दोन

परवा रविवारी सकाळी अमेरिकेतून भाचीचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, "मावशी, जरा पोरीशी बोल गं. तिचं काहीतरी बिनसलंय."

भाचीची मुलगी म्हणजे माझी नातच. वय एकोणीस, उंची सहा फूट एक इंच. (आमच्या घराण्यात ही उंची आली कुठून, हा स्वतंत्र संशोधनाचा विषय आहे!) तिथल्या एका लहानशा कॉलेजच्या बास्केटबॉल संघात ती खेळते. फोनवर आली ती रडवेल्या आवाजातच.

"आजी, आमच्या कोचने दुसऱ्या कॉलेजमधून एक मुलगी आणलीय. माझ्याच जागेवर. माझ्यापेक्षा दोन इंच उंच आहे. आता मी काय करू? मी पण दुसरीकडे जाऊ का?"

मी तिला म्हटलं, पुढच्या रविवारी बोलू. खरं सांगायचं तर मला एकदम १९८६ साल आठवलं, आणि या पोरीला सल्ला द्यायचा आपल्याला अधिकार आहे का, असं वाटून गेलं. तो आठवडा मी थोडं वाचण्यात आणि बरंचसं आठवण्यात घालवला. त्यातलं काही इथे लिहून ठेवते.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. मैदानावर एका बाजूच्या पाच जणी. त्यातल्या दोघी-तिघी उंच, त्या रिंगजवळ खेळतात. चेंडू रिंगला लागून परत आला की तो उडी मारून पकडायचा, समोरचीला अडवायचं, धक्के खायचे. या जागी फाऊलही जास्त होतात, आणि पाच फाऊल झाले की खेळाडू बाहेर. म्हणून एक उंच मुलगी असून भागत नाही. तिच्या मागे दुसरी हवी, दुसरीच्या मागे तिसरी. आणि उंची काही शिकवता येत नाही. ती शोधूनच आणावी लागते. सगळी भानगड इथून सुरू होते.

हा खेळ १८९१ च्या डिसेंबरात जेम्स नेस्मिथ नावाच्या शिक्षकाने काढला. गाव स्प्रिंगफील्ड, राज्य मॅसॅच्युसेट्स. थंडीत मुलांना घरात खेळता यावं म्हणून त्याने पीच फळांच्या दोन टोपल्या सज्जाला ठोकल्या. पुढच्याच वर्षी जवळच्या स्मिथ कॉलेजातल्या सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेने तो मुलींना शिकवला. पण मुलींना एवढी धावपळ झेपणार नाही अशी तेव्हाची समजूत. म्हणून बाईंनी मैदानाचे तीन भाग केले आणि ज्या मुलीला जो भाग दिला त्यातच तिने राहायचं असा नियम केला. रेघ ओलांडायची नाही. १८९३ साली तिथे मुलींचा सामना झाला तेव्हा पुरुषांना बघायलाही आत सोडलं नव्हतं म्हणे.

ही रेघ फार चिवट निघाली हो! अमेरिकेतल्या आयोवा राज्यात शाळेच्या मुली १९९३ पर्यंत सहा-सहा जणींचा खेळ खेळत होत्या. तिघी फक्त बास्केट करणार, तिघी फक्त अडवणार, मधली रेघ कुणीच ओलांडायची नाही. रेघेच्या आतच जन्म काढण्याची गोष्ट आपल्याकडच्या बायकांना काही वेगळी समजावून सांगायला नको.

कॉलेजच्या मुलींना पूर्ण मैदान मिळालं ते १९७१ च्या सुमाराला. १९७२ साली तिकडे कायदा झाला की सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेने मुलगा-मुलगी भेद करायचा नाही, आणि मग खेळाची दारं उघडली. या काळातली मला सगळ्यात भावलेली गोष्ट मिसिसिपी राज्यातल्या डेल्टा स्टेट कॉलेजची. मार्गारेट वेड तिथे विद्यार्थिनी असताना संघात खेळायच्या. मुलींना हा खेळ सोसणार नाही असं ठरवून कॉलेजने १९३० च्या दशकात संघच बंद केला. मुलींनी रागाने आपले गणवेश जाळले. चाळीसएक वर्षांनी, १९७३ मध्ये, त्याच कॉलेजने संघ पुन्हा सुरू करायला त्याच वेडबाईंना बोलावलं.

आता बाईंना उंच मुलगी हवी होती. ती मिळाली कापसाच्या शेतात राबणाऱ्या एका काळ्या कुटुंबात. लूसिया हॅरिस, अकरा भावंडांतली एक, सहा फूट तीन इंच. ती जाणार होती दुसऱ्याच कॉलेजात, पण तिथे मुलींचा संघच नव्हता. डेल्टा स्टेटने तिला आणलं, आणि १९७५, ७६, ७७ अशी सलग तीन वर्षं हे लहानसं कॉलेज देशात पहिलं आलं. १९७६ ला माँट्रियल ऑलिंपिकमध्ये बायकांचं बास्केटबॉल पहिल्यांदा खेळलं गेलं, त्यातले पहिले गुण लूसियाचे. पुरुषांच्या एका व्यावसायिक संघानेही १९७७ साली तिची निवड केली होती, ती काही गेली नाही. कॉलेज संपल्यावर मात्र तिच्यासाठी पुढे फारसं काही नव्हतं. पुढे ती आपल्याच जुन्या शाळेत शिक्षिका झाली, मुलींना खेळ शिकवू लागली. २०२२ च्या जानेवारीत गेली. शिक्षिका झाली हे वाचून मला उगाचच तिच्याशी नातं जडल्यासारखं वाटलं.

आपल्याकडेही शोधून आणणं होतंच की. केरळची गीतू ॲना जोस, सहा फूट दोन इंच, रेल्वेत नोकरीला लागली आणि रेल्वेकडून खेळली. रेल्वेने असे कितीतरी खेळाडू नोकरी देऊन जमवले. आपल्या माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर, २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावलेली, तीही रेल्वेचीच. भिलाईला राजेश पटेल नावाचे प्रशिक्षक होते, २०१८ साली वारले. त्यांनी लांबलांबच्या उंच मुली हेरून, भिलाईत ठेवून घडवल्या, आणि छत्तीसगडच्या मुलींनी राष्ट्रीय स्पर्धा अनेकदा जिंकल्या. महाराष्ट्र सरकारची क्रीडा प्रबोधिनीही हेच काम करते. फलटण तालुक्यातल्या आसूची वैष्णवी फाळके हॉकीसाठी अशीच पुण्याला बालेवाडीत गेली, आणि २०२३ ला चीनमधल्या आशियाई स्पर्धेत ब्राँझ मिळवणाऱ्या भारतीय संघात होती. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के राखीव जागा आहेत, त्यामुळे आपल्या सातारा-सांगलीकडचे आईबापही हल्ली मुलीला खेळायला सोडतात. आमच्या वेळी यातलं काहीच नव्हतं.

तर आता १९८६.

मी तेव्हा सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी शिकवत होते. शाळेचं नाव घेत नाही. मैदान मुरमाचं, दोन लोखंडी खांब, त्यावर लाकडी फळ्या. मी मराठीची शिक्षिका, खेळातलं मला ओ की ठो कळत नव्हतं, पण मुलींच्या संघाबरोबर बाई हव्यात म्हणून पीटीच्या सरांनी मला जोडून घेतलं होतं. रिंगखाली खेळायची ती एका सुताराची मुलगी. नववीत होती. उंची बेताचीच, पण तीन वर्षं ती जागा तिने सांभाळली होती. सरावाआधी धूळ बसावी म्हणून आडावरून बादल्या आणून मैदानावर पाणी मारायचं कामही तिनेच आपणहून अंगावर घेतलेलं.

सरांना कऱ्हाडच्या एका स्पर्धेत सातारा जिल्ह्यातली एक मुलगी दिसली. चौदा वर्षांची आणि चांगली ताडमाड. सर म्हणाले, "बाई, ही आली तर जिल्हा आपला. पण बापाला तुम्ही पटवायचं. बाईमाणसाचं ऐकतील." मी एसटीने त्या गावी गेले. आमच्या गावात मुलीचा मामा होता, तो मुद्दा सोयीचा होता. वडील म्हणाले, "बाई, पोरगी तुमच्या भरवशावर देतो." शाळा सोडल्याच्या दाखल्याचा अर्ज मीच माझ्या अक्षरात लिहिला, आणि वडिलांनी खाली सही केली. मुलगी दाराआड उभी होती. तिला मी काही विचारल्याचं मला आठवत नाही.

जून महिन्यात ती आली. सुताराची मुलगी बाकावर गेली. आठवडाभर ती सरावाला येत राहिली, मैदानावर पाणीही मारलं. मग म्हणू लागली, "बाई, घरी काम असतं." मीही म्हटलं, बरं. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, ते असं.

जिल्हा आम्ही जिंकला. विभागाच्या सामन्यांना कोल्हापूरला गेलो. उत्तरार्ध सुरू होऊन थोडाच वेळ झाला होता, तोच नव्या मुलीचा पाचवा फाऊल झाला. सरांनी बाकाकडे पाहिलं. बाकावर तीन बुटक्या पोरी. सुताराची मुलगी कोल्हापूरला आलीच नव्हती. सामना तिथेच संपला.

परतीच्या गाडीत मी मनातल्या मनात हिशेब केला. आमच्याकडे रिंगखाली आधी एक होती. एक आणली, म्हणजे दोन व्हायला हव्या होत्या. झाली पुन्हा एकच. आणि खरा हिशेब पुढच्या जूनला कळला. मामाच्या घरी मुलीचे हाल होत होते. हरल्यावर शाळेलाही तिची फारशी फिकीर उरली नव्हती. तीही दाखला घेऊन परत गेली. "तुमच्या भरवशावर" हे शब्द मला आजही नीट झोपू देत नाहीत.

पुष्कळ वर्षांनी, २००४ च्या सुमाराला, सांगलीच्या एसटी स्टँडवर सुताराची मुलगी भेटली. बरोबर तिची लेक होती. वाकून नमस्कार केला. मीच विषय काढला, म्हटलं, तू तेव्हा यायचं थांबलीस... ती हसली. म्हणाली, "बाई, मी अजून टीममध्ये आहे, हे मला कुणी सांगितलंच नाही." तेवढ्यात तिची गाडी लागली.

आता नातीच्या अमेरिकेकडे येते. तिथे पूर्वी कॉलेज बदललं तर बास्केटबॉलच्या खेळाडूला एक वर्ष नुसतं बसून राहावं लागे. २०१८ साली एक यादी सुरू झाली. ज्याला जायचंय त्याने आपलं नाव त्यात घालायचं. २०२१ पासून एकदा बदल केला तर वर्षभर बसायची अट गेली, आणि २०२४ पासून अभ्यास नीट असेल तर कितीही वेळा बदलता येतं. २०२३ साली लुईझियाना स्टेटचा संघ अशा नव्याने आलेल्या मुलींच्या जोरावरच पहिला आला. त्यांची मुख्य उंच खेळाडू एंजल रीस आदल्याच वर्षी मेरीलँडहून आलेली. जुने लोक कुरकुरतात की आता निष्ठा उरली नाही. मला काही तसं वाटत नाही. दाखला मुलीच्या स्वतःच्या हातात आहे, ही चांगलीच गोष्ट म्हणायची. आमच्या वेळी तो बापाच्या, सरांच्या आणि माझ्या हातात होता.

पण नातीसाठी मला त्याहून उपयोगी गोष्ट सापडली ती कामिला कार्डोसोची. ब्राझीलची, सहा फूट सात इंच. पंधराव्या वर्षी घर सोडून अमेरिकेत आली. २०२१ मध्ये सिरॅक्यूज सोडून साउथ कॅरोलायनात गेली. तिथे रिंगखाली आधीच अलिया बोस्टन होती, देशातली नावाजलेली खेळाडू. म्हणजे एवढी उंच मुलगी आणली आणि ती दोन वर्षं बहुतेक बाकावरून उठून खेळली! पण खेळली, हे महत्त्वाचं. डॉन स्टेली या तिच्या प्रशिक्षक. त्या तिला उतरवत राहिल्या. २०२३ मध्ये बोस्टन पुढे गेली आणि जागा कार्डोसोची झाली. २०२४ ला संघ अडतीस सामने खेळला, एकही हरला नाही. आयोवाविरुद्धच्या अंतिम सामन्यात तिचे १५ गुण, १७ रिबाउंड. आणि त्याच सामन्यात साउथ कॅरोलायनाच्या राखीव मुलींनी ३७ गुण केले, आयोवाच्या राखीव मुलींनी शून्य. हा आकडा वाचला आणि मला कोल्हापूरचा तो बाक दिसला.

आणणं सोपं असतं हो. एसटीचं तिकीट आणि एक अर्ज, बास. बसवलेलीला बसवून ठेवता येणं, तिला तिचं काम सांगणं, आणि आणलेलीचं आणल्यावरही बघणं, याला संघ बांधणं म्हणायचं. मला ते छत्तीसाव्या वर्षी कळलं नाही.

रविवारी फोन आला. नातीला मी १९८६ ची गोष्ट सांगितली, काही न लपवता. जायचं की राहायचं हे तिचं तिने ठरवावं, दाखला तिच्या हातात आहे. फक्त त्याआधी कोचकडे जाऊन सरळ विचारायचं, "या संघात माझं काम काय?" उत्तर मिळालं नाही तर तेही उत्तरच समजायचं.

मग मी सहज विचारलं, "ती नवी मुलगी कुठली गं?"

जरा वेळ ती काही बोलली नाही. त्या मुलीची उंची तिला इंचापर्यंत माहीत होती, पण गाव माहीत नव्हतं.

"विचारून सांगते आजी," म्हणाली.