अपस्माराचा व्रण

फेफरे म्हटले की भूमीवर कोसळलेला, तोंडाला फेस आलेला रुग्ण आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. परंतु अपस्माराच्या एका प्रकारात रुग्ण बहुधा पडत नाही. तो शून्यात पाहतो, ओठ चाटतो, कपड्यांशी चाळा करतो. भानावर आल्यावर त्यातले त्याला काही आठवत नाही. या व्याधीचा उगम कानशिलाच्या आतील बाजूस, मेंदूच्या पार्श्वखंडात असतो आणि पुष्कळदा ती औषधांना दाद देत नाही.

पूर्वी मेंदूतील बिघाड मृत्यूनंतरच पाहता येई. १८२५ साली पॅरिसमध्ये बुशे व त्यांच्या सहकाऱ्याला काही रुग्णांच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पस हा समुद्रघोड्याच्या आकाराचा भाग कठीण झालेला आढळला. १८८० मध्ये जर्मनीतील सोमर यांनी ९० रुग्णांच्या नोंदी अभ्यासून तेथील पेशींचा एक ठराविक पट्टा नष्ट होतो, असे दाखविले. हा व्रण झटक्यांचे कारण की परिणाम, हा वाद मात्र दीर्घकाळ चालला. १९२९ साली हान्स बर्गर यांनी मानवी मेंदूचा विद्युत आलेख प्रसिद्ध केला, तेव्हा कुठे जिवंत मेंदूतील वादळ कागदावर उमटू लागले.

या इतिहासातील मोठी किंमत हेन्री मोलेसन या अमेरिकन तरुणाने मोजली. १९५३ साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, हार्टफर्ड येथे डॉ. स्कोव्हिल यांनी त्याच्या दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग काढला. आलेखात झटक्यांचे निश्चित केंद्र सापडलेले नव्हते, हे विसरता कामा नये. झटके कमी झाले; पण नव्या घटना स्मरणात ठेवण्याची शक्तीच गेली. ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात पाहून तारा गिरविण्यास शिकविले. त्याचा हात दिवसेंदिवस सरावत गेला, मात्र आपण हे पूर्वी केले आहे याची त्याला आठवण नसे! १९५७ साली मिल्नर आणि स्कोव्हिल यांनी हा वृत्तान्त प्रसिद्ध केला. दोन्ही बाजूंना एकाच वेळी हात लावू नये, हे शल्यविशारदांना त्यातून उमगले.

एकाच बाजूची शस्त्रक्रिया मात्र फलदायी ठरली. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅनडातील चाचणीत ८० रुग्ण होते. वर्षअखेर शस्त्रक्रियेच्या गटातील ५८ टक्के रुग्ण शुद्ध हरपविणाऱ्या झटक्यांपासून मुक्त होते. केवळ औषधे घेणाऱ्यांत हे प्रमाण ८ टक्के होते.

मोलेसन २००८ साली, ८२ व्या वर्षी वारले. तोवर शास्त्रीय लेखांत त्यांचा उल्लेख ‘एच. एम.’ या दोन अक्षरांनीच होत असे.