पाठीवरचा मजकूर

इंग्लंडांतील जुन्या वस्तूंच्या बाजारांत एका प्रकारचें सचित्र पोस्टकार्ड हटकून आढळतें. गुलाबांच्या कमानीखालीं एकमेकांकडे पाहणारें तरुण जोडपें आणि छायाचित्रावर चढविलेला गुलाबी रंग. विकणारा त्यास ‘प्रेमपत्र’ म्हणतो. परंतु कार्ड उलटून पाहावें, तों मजकूर पुष्कळदां भावानें बहिणीस किंवा मावशीनें भाचीस लिहिलेला निघतो : सुखरूप पोहोंचल्याचा, नाहींतर रविवारीं येत असल्याचा.

ही विसंगति पोस्टाच्या इतिहासांतून उलगडते. पोस्टकार्ड प्रथम १८६९ सालीं ऑस्ट्रिया-हंगेरींत निघालें. आपल्याकडे तें १८७९ च्या जुलैंत पाव आण्यास मिळूं लागलें. आरंभीं एक बाजू केवळ पत्त्यासाठीं राखलेली असे. मजकूर चित्राच्या कडेला कोंबावा लागे. इंग्लंडनें १९०२ सालीं पत्त्याची बाजू दुभागून तेथें मजकूर लिहिण्यास परवानगी दिली. दुसरी संबंध बाजू चित्रास मोकळी झाली आणि चित्रकार्डांचा पूर लोटला. देशांतल्या देशांत टपालहंशील अर्धा पेनी, तें १९१८ पर्यंत टिकलें.

यॉर्कशायरमधील बॅमफोर्थ कंपनी लोकप्रिय गीतांवर तीन-चार कार्डांचे संच काढी. प्रत्येकावर एक कडवें व त्यास शोभेल असें छायाचित्र. असे संच आल्बमांत लावणें हा घरोघरचा छंद होता. बहिणीच्या संचांत उणें असलेलें कार्ड भाऊ धाडी; चित्रांतील प्रीतीशीं त्याला कर्तव्य नसे. शिवाय कार्ड उघडें; पोस्टमनापासून मोलकरणीपर्यंत कोणीही वाचावें. मनांतलें गूज लिहावयास लिफाफा होताच. कोणी कार्डावरचें तिकीट तिरपें चिकटवूनही खूण करीत.

पुढें १९१४ ते १९१८ च्या महायुद्धांत ब्रिटिश शिपायांनीं फ्रान्समधून रेशमी भरतकामाचीं कार्डें घरीं पाठविलीं. फुलें आणि प्रेमाचे शब्द त्यांवर असत. तीं जशीं प्रेयसीला, तशींच आईला व बहिणीलाही गेलीं. पाठविणारांपैकीं अनेक परतले नाहींत. कित्येक घरांत तेवढेंच हस्ताक्षर मागें उरलें.

म्हणून चित्रावरून नातें ठरवूं नये. पत्ता, संबोधन आणि सही आधीं वाचावी. मजकुरांत ‘तुझी आई’ असें नसून नुसतें ‘आई’ असेल, तर लिहिणारें बहुधा भावंडच. चित्र छापखान्याचें असतें; पाठीवरच्या चार ओळी मात्र त्या माणसाच्या स्वतःच्या. त्यांवर आपण कल्पित प्रणय लादला, तर अर्धा पेनी खर्चून बहिणीची विचारपूस करणारा तो भाऊ इतिहासांतून पुसला जातो. त्याची दुसरी नोंद बहुधा कोठेंच नसते.