'मेक' अडले, तर... युनिक्सवर सोर्सपासून सॉफ्टवेअर बसवताना

युनिक्स आणि तिच्या घराण्यातील लिनक्स, फ्रीबीएसडी यांसारख्या प्रणालींवर बहुतेक सॉफ्टवेअर आता तयार पॅकेजच्या रूपात मिळते. एक आज्ञा दिली, की ते उतरते, बसते आणि चालू लागते. तरीही मूळ सोर्स कोडपासून सॉफ्टवेअर तयार करण्याची वेळ येतेच. कधी हवी ती आवृत्ती वितरणाच्या भांडारात नसते, कधी गरजेची एखादी सुविधा पॅकेजमधून वगळलेली असते, तर कधी संगणकावर प्रशासकाचे अधिकारच नसतात. पुण्यातील 'आयसर'मध्ये २०१९ साली उभारलेल्या 'परम ब्रह्म'सारख्या सामायिक महासंगणकांवर काम करणाऱ्या संशोधकांना हा मार्ग चांगलाच परिचित आहे.

या मार्गावर अडखळण्याच्या जागा अनेक आहेत. अडचण आली, की काही जण तीच आज्ञा प्रशासकाच्या अधिकाराने पुन्हा देऊन पाहतात, तर काही जण महाजालावर सापडलेल्या ओळी न वाचताच चिकटवतात. त्यातून एखादे सॉफ्टवेअर बसत नाही, एवढ्यावरच भागत नाही. कार्यालयाचा चालता सर्व्हरही बंद पडू शकतो. म्हणून बिघाड नेमका कोणत्या टप्प्यावर झाला, हे ओळखण्याची पद्धत माहीत असणे आवश्यक आहे.

तीन टप्पे, तीन प्रकारचे बिघाड

सोर्सपासून सॉफ्टवेअर बसवण्याची रूढ रीत तीन आज्ञांची आहे : 'कॉन्फिगर', 'मेक' आणि 'मेक इन्स्टॉल'. यांपैकी 'मेक' सर्वांत जुने. बेल प्रयोगशाळेत स्टुअर्ट फेल्डमन यांनी ते १९७६ साली लिहिले. कोणती फाइल कोणत्या फाइलवर अवलंबून आहे आणि त्यांपैकी कोणती बदलली आहे, हे पाहून तेवढेच काम पुन्हा करायचे, हे त्याचे सूत्र. पुढे युनिक्सचे प्रकार वाढले आणि प्रत्येकावर थोडेथोडे वेगळे काही असू लागले. ती तफावत आपोआप ओळखण्यासाठी डेव्हिड मॅकेन्झी यांनी १९९१ साली 'ऑटोकॉन्फ' सुरू केले. 'कॉन्फिगर' ही लांबलचक स्क्रिप्ट त्याचेच अपत्य. अलीकडच्या अनेक प्रकल्पांत 'सीमेक' किंवा 'मेसॉन' वापरतात. पण पाहणी, बांधणी आणि स्थापना हा क्रम तोच राहतो.

पहिल्या टप्प्यात संगणकाची पाहणी होते. तेथील बिघाड बहुधा 'अमुक सापडले नाही' या स्वरूपाचा असतो. दुसऱ्या टप्प्यात कंपायलर आणि लिंकर काम करतात. तेथील बिघाड कोडचा, आवृत्तीचा किंवा स्मृतीचा असतो. तिसऱ्या टप्प्यात तयार फाइली योग्य जागी ठेवल्या जातात. तेथील बिघाड अधिकारांचा किंवा जागेचा असतो.

शेवटची नव्हे, पहिली चूक वाचा

पडद्यावर शेवटी दिसणारी 'मेक : एरर २' ही ओळ फारसे काही सांगत नाही. आतले एखादे काम फसले, एवढाच तिचा अर्थ. खरे कारण त्याआधी, कधी शेकडो ओळी वर असते. म्हणून सर्व निर्गत एका फाइलमध्ये साठवावे आणि त्यात 'एरर' हा शब्द वरून खाली शोधत यावे. पहिली चूक दुरुस्त केली, की तिच्यामुळे उद्भवलेल्या पुढच्या अनेक चुका आपोआप नाहीशा होतात. एकाच वेळी अनेक कामे चालवली असतील, तर संदेशांची सरमिसळ होते. अशा वेळी 'मेक' एकेरी चालवून पाहावे. 'वॉर्निंग' मात्र वेगळी. तिच्यामुळे काम थांबत नाही, त्यामुळे सुरुवातीला तिच्या मागे लागू नये.

'कॉन्फिगर' थांबले, तर

सर्वांत प्राथमिक संदेश सी भाषेचा कंपायलर सापडला नसल्याचा असतो. डेबियन व उबुंटूवर 'बिल्ड-इसेन्शियल' हे पॅकेज, तर रेड हॅट घराण्यात 'डेव्हलपमेंट टूल्स' हा पॅकेजसमूह बसवला, की ही उणीव दूर होते.

त्यानंतरचा गोंधळ लायब्ररींचा. 'झेडलिब संगणकावर आहे, तरी सापडत नाही असे का म्हणते?' हा प्रश्न नवख्याला हमखास पडतो. सॉफ्टवेअर चालवण्यासाठी लागणारी लायब्ररी आणि सॉफ्टवेअर तयार करण्यासाठी लागणाऱ्या हेडर फाइली ही वितरणांमध्ये दोन निरनिराळी पॅकेजे असतात, हे त्याचे उत्तर. डेबियन घराण्यात दुसऱ्या पॅकेजच्या नावाअखेरीस 'डेव्ह' आणि रेड हॅट घराण्यात 'डेव्हल' असते. हवी असलेली हेडर फाइल कोणत्या पॅकेजमध्ये आहे, हे डेबियनवर 'एपीटी-फाइल', तर फेडोरावर 'डीएनएफ प्रोव्हाइड्स' सांगते. त्याच सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती वितरणात असेल, तर काम आणखी सोपे होते. 'एपीटी बिल्ड-डेप' किंवा 'डीएनएफ बिल्डडेप' या आज्ञा तिच्या बांधणीसाठी लागणारे सारे एकदम बसवतात.

एवढे करूनही उलगडा झाला नाही, तर 'कॉन्फिग डॉट लॉग' ही फाइल उघडावी. प्रत्येक चाचणीच्या वेळी कोणता छोटा प्रोग्राम लिहिला गेला आणि कंपायलरने काय उत्तर दिले, हे तिच्यात जसेच्या तसे नोंदलेले असते. लायब्ररी आहे, पण वेगळ्या निर्देशिकेत, असेही कधी कधी आढळते. मग 'पीकेजी-कॉन्फिग'ला तो पत्ता पर्यावरण-चलातून कळवावा लागतो.

जुना कोड नव्या एआरएम संगणकावर बांधताना 'यंत्राचा प्रकार ओळखता येत नाही' असा संदेश येऊ शकतो. कोड लिहिला, तेव्हा ते यंत्र अस्तित्वातच नव्हते, एवढेच त्याचे कारण. 'कॉन्फिग डॉट गेस' आणि 'कॉन्फिग डॉट सब' या दोन फाइलींच्या नव्या प्रती ठेवल्या, की पाहणी पुढे सरकते.

'मेक' थांबले, तर

कंपायलरला हेडर फाइल न सापडणे आणि लिंकरला लायब्ररी न सापडणे हे दोन वेगळे बिघाड आहेत. 'नो सच फाइल' असे हेडरच्या नावासह आले, तर तो पहिला. 'अनडिफाइन्ड रेफरन्स' असे आले, तर दुसरा. दुसऱ्यात कार्याचे नाव कंपायलरला ठाऊक असते, पण त्याचा प्रत्यक्ष देह लिंकरला मिळत नाही. अशा वेळी लायब्ररी आदेशात नमूद आहे का आणि तिची आवृत्ती हेडरशी जुळते का, हे तपासावे.

कोड तोच, संगणक तोच, पण कंपायलर नवा. असे झाल्यानेही बांधणी फसते. जीसीसीच्या १०व्या आवृत्तीने २०२० साली एकाच नावाचे वैश्विक चल अनेक फाइलींत विनासायास एकत्र करण्याची जुनी सवलत काढून घेतली. तेव्हापासून जुन्या प्रकल्पांत 'मल्टिपल डेफिनिशन' ही तक्रार दिसू लागली. २०२४ साली आलेल्या १४व्या आवृत्तीने, आधी घोषित न केलेले कार्य वापरणे ही केवळ सूचना न ठेवता चूक ठरवली. २०२५ सालच्या १५व्या आवृत्तीत सी भाषेचे २०२३चे मानक मूलभूत झाले. यावर पहिला उपाय सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती घेण्याचा. दुरुस्ती बहुधा तिच्यात झालेली असते. ती नसल्यास कंपायलरला जुने मानक पाळण्यास सांगणारा पर्याय देता येतो. मात्र हा तात्पुरता टेकू आहे, दुरुस्ती नव्हे, याचे भान असावे.

कंपायलर अचानक 'किल्ड' असे म्हणून मरण पावला, तर दोष बहुधा कोडचा नसतो. स्मृती संपल्यामुळे कर्नलने ती प्रक्रिया मारलेली असते. 'डीमेसेज' या आज्ञेने त्याची नोंद दिसते. समांतर कामांची संख्या कमी केली किंवा स्वॅप जागा वाढवली, की तोच कोड निमूटपणे बांधला जातो.

आणखी एक कारण सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही : घड्याळ. 'मेक' फाइलींच्या वेळेवर विसंबून असते. बॅटरीवर चालणारे घड्याळ नसलेल्या छोट्या बोर्डांवर किंवा जाळ्यावरील सामायिक डिस्कवर वेळ मागेपुढे असली, तर 'क्लॉक स्क्यू' असा इशारा येतो आणि बांधणी अर्धवट राहते. तसेच पर्याय बदलून पुन्हा प्रयत्न करताना आधीचे अवशेष उरू देऊ नयेत. 'मेक डिस्टक्लीन' द्यावे किंवा सोर्स नव्याने उलगडावा. फ्रीबीएसडीवर 'मेक'ची मांडणी वेगळी असल्यामुळे अनेक प्रकल्पांसाठी 'जीमेक' वापरावे लागते, हेही ध्यानात ठेवावे.

बसले, पण चालत नाही

स्थापना निर्विघ्न झाली, तरी सॉफ्टवेअर सुरू करताच 'सामायिक लायब्ररी उघडता येत नाही' असा संदेश येतो. याचे कारण असे, की लायब्ररी शोधण्याचे ठिकाण बांधणीच्या वेळी वेगळे असते आणि चालवण्याच्या वेळी वेगळे. 'एलडीडी' ही आज्ञा कोणती लायब्ररी कोठे सापडली आणि कोणती सापडली नाही, हे दाखवते. नवी लायब्ररी ठेवल्यावर 'एलडीकॉन्फिग' चालवून सूची अद्ययावत करावी लागते. रेड हॅट घराण्यात 'युएसआर-लोकल'खालील लायब्ररींची निर्देशिका मुळात शोधयादीतच नसते. ती आधी जोडावी लागते.

नवी आवृत्ती बसवूनही जुनीच चालत असेल, तर 'पाथ' या चलातील निर्देशिकांचा क्रम पाहावा. बॅश हे शेल आज्ञेचा सापडलेला पत्ता लक्षात ठेवते. 'हॅश' या आज्ञेला 'आर' हा पर्याय दिला, की ती आठवण पुसली जाते.

उदाहरण पायथॉनचे

या साऱ्याचा एकत्रित अनुभव पायथॉन बांधताना येतो. २०२१ साली आलेल्या पायथॉन ३.१० पासून ओपनएसएसएलची १.१.१ किंवा त्यापुढील आवृत्ती अनिवार्य झाली. सेंटओएस ७ या तेव्हा सर्व्हरवर सर्रास वापरल्या जाणाऱ्या प्रणालीत मात्र १.०.२ ही आवृत्ती होती. परिणामी 'कॉन्फिगर', 'मेक', 'मेक इन्स्टॉल' हे तिन्ही टप्पे वरवर यशस्वी होत. पायथॉन सुरूही होई. पण पॅकेज उतरवू पाहणाऱ्या 'पिप'ला एसएसएल मॉड्यूल मिळत नसे आणि ते हात वर करी. कोणती मॉड्यूल्स बांधता आली नाहीत, याची यादी 'मेक'च्या अखेरीस छापलेली असे. ती वाचली, की कोडे सुटले. नव्या ओपनएसएसएलची विकासप्रत वेगळी बसवून तिचा पत्ता 'कॉन्फिगर'ला देणे हा त्यावरील उपाय. सेंटओएस ७चा आधारकाळ ३० जून २०२४ रोजी संपला, त्यामुळे आता प्रणालीच बदलणे श्रेयस्कर. पण धडा कायम आहे : बांधणी पूर्ण होणे म्हणजे ती पुरी होणे नव्हे. 'मेक टेस्ट' किंवा 'मेक चेक' हा टप्पा म्हणूनच टाळू नये.

याच उदाहरणातला मोठा धोका पुढे आहे. सेंटओएस ७ वरील 'यम' हे पॅकेज-व्यवस्थापन प्रणालीच्या स्वतःच्या पायथॉनवर चालत असे. तो पायथॉन हटवला किंवा बदलला, की दुरुस्तीसाठी लागणारे पॅकेज बसवण्याचे साधनच निकामी होई. ही अडचण ओळखून पायथॉनने 'मेक ऑल्टइन्स्टॉल' हा पर्याय दिला आहे. तो आवृत्तीच्या क्रमांकासह वेगळ्या नावाने पायथॉन ठेवतो आणि प्रणालीच्या आज्ञेला धक्का लावत नाही.

प्रशासकाचे अधिकार जपून

पाहणी आणि बांधणी नेहमी सामान्य वापरकर्ता म्हणूनच करावी. अधिकार लागलेच, तर केवळ शेवटच्या टप्प्यात. त्याहून उत्तम म्हणजे 'प्रीफिक्स' हा पर्याय देऊन प्रत्येक सॉफ्टवेअरसाठी स्वतःच्या गृहनिर्देशिकेत स्वतंत्र जागा ठरवावी. मग प्रशासकाची गरज उरत नाही आणि नको झाल्यास ती एक निर्देशिका पुसली, की काम झाले. 'मेक अनइन्स्टॉल'ची सोय प्रत्येक प्रकल्पात असतेच असे नाही. 'मेक इन्स्टॉल' नेमके काय करणार आहे, हे 'एन' पर्याय देऊन आधी नुसते वाचताही येते.

विश्वास कोणावर?

सोर्सपासून बांधलेले ते सुरक्षितच, ही समजूत २०२४ साली हादरली. 'एक्सझेड युटिल्स' या संकोचन-साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरवाट लपवलेली होती. ती सक्रिय करणारी फाइल प्रकल्पाच्या खुल्या भांडारात नव्हती, तर वितरणासाठी बांधलेल्या गाठोड्यात होती. बांधणीच्या वेळी 'कॉन्फिगर' चालले, की ती आपले काम करी. पोस्टग्रेस डेटाबेसचे विकसक आंद्रेस फ्रॉइंड यांना दूरस्थ प्रवेशास सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो, हे खटकले आणि त्यांनी २९ मार्च २०२४ रोजी हा प्रकार उघड केला. प्रकल्पाचा विश्वास संपादन केलेल्या देखभालकर्त्याकडूनच हे घडले असल्यामुळे केवळ स्वाक्षरी जुळली म्हणून निश्चिंत होता आले नसते. तरीही अधिकृत ठिकाणाहूनच सोर्स घेणे, स्वाक्षरी पडताळणे आणि 'कॉन्फिगर' कधीही प्रशासक म्हणून न चालवणे ही किमान शिस्त पाळलीच पाहिजे.

मदत मागण्यापूर्वी

एवढे करूनही मार्ग सापडला नाही, तर जाणकारांना विचारण्यात कमीपणा नाही. मात्र 'बसत नाही' एवढेच सांगून उपयोग नाही. प्रणाली व तिची आवृत्ती, कंपायलरची आवृत्ती, सॉफ्टवेअरची आवृत्ती, दिलेली आज्ञा जशीच्या तशी आणि पहिल्या चुकीच्या आसपासच्या ओळी एवढे दिले, तर उत्तर लवकर मिळते. अनेकदा ही माहिती गोळा करतानाच कारण ध्यानात येते.

आणि एक प्रश्न अखेरीस स्वतःला विचारावा : हे खरोखरच सोर्सपासून बांधायला हवे का? हाताने बसवलेल्या सॉफ्टवेअरला सुरक्षेच्या सुधारणा आपोआप मिळत नाहीत. ती जबाबदारी पुढे आपलीच राहते. वितरणाच्या भांडारात पुरेशी नवी आवृत्ती असेल, तर ती घेणे शहाणपणाचे. नसेल, तर वरील क्रमाने, घाई न करता, एकेक पायरी तपासत जावे.